ताकावरचा दिवा

गुंजी स्टेशनवर तो चढला की माझ्या कपाळाला आठी पडायची. मी लोंढ्याहून बेळगावला रोज रेल्वेनं ऑफिसला जातो. एवढा डबा मोकळा असला तरी हा नेमका माझ्यासमोरच बसायचा आणि हात पुढं करायचा, "अण्णा, ताक?" माझ्या दुपारच्या जेवणाचं ताक! एकदा भिडेखातर दिलं, तेच नडलं.

तो ते तीन कागदी कपांत ओतायचा. प्रत्येक कपात तांब्याची तार आणि पत्रे ठोकतात तो जस्त चढवलेला खिळा सोडायचा, एका कपातली तार पुढच्या कपातल्या खिळ्याला जोडायचा आणि तुरीच्या दाण्याएवढा तांबडा दिवा लावून बेळगाव येईपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचा. उतरायच्या आधी सगळं ताक खिडकीबाहेर. "पिऊ नगा, जस्त उतरलंय त्यात." वर पुन्हा तक्रार, "वैनींचं ताक लई गोड हाय. दिवा मंद लागतोय."

परवा मात्र मी भडकलो. "अहो, घरी करा की हे सगळं!"

तारा गुंडाळत तो म्हणाला, "घरात कोन हाय बघाय?"

संध्याकाळी बायकोला सांगितलं, उद्यापासून ताक चांगलं आंबवून देत जा, आणि का ते विचारू नकोस.