अडकलेली चुडी

आमच्या कारखान्यातल्या साहेबांची ती बुटकी, उघड्या टपाची इंग्रजी गाडी गॅरेजमध्ये शिरली की आमचे फोरमन म्हणायचे, "हिले भिलाईची हवा लागली बे. एका जागी उभं राहनंच जमत नाही हिले." सगळे हसायचे. मला मात्र हसू येत नसे. त्या गाडीपुढे एकेकाने हात टेकले होते आणि आता ती माझ्या गळ्यात पडली होती.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर डम्परचा मेकॅनिक. राहायला टिनाची शेड, सोबतीला आमच्यासारखेच एकटे राहणारे गडी. माझं लग्न झालं होतं, पण बायको भंडाऱ्याकडे गावी, माझ्या आईजवळ. अशात भिलाईच्या गॅरेजमध्ये मला तात्पुरतं बोलावलं. तिथे कायम झालो तर सेक्टरमध्ये क्वार्टर मिळणार होतं आणि क्वार्टर मिळालं तर बायकोला आणता येणार होतं. फोरमनही आमच्याकडचेच, पण कामात मुलाहिजा नाही. त्यांनी साफ सांगितलं, "शनिवारपर्यंत ही गाडी नीट झाली तं तुले इथंच ठेवतो. नाही झाली तं गाडी जाईन नागपूरले अन् तू नंदिनीले."

मी हट्टाला पेटलो. डम्परच्या धुळीत परत जायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं.

गाडी उभी असताना इंजिन हळूहळू चालत राहतं, त्याला आम्ही 'स्लो' म्हणायचो. या गाडीचा स्लो सकाळी इंजिन थंड असताना अगदी शहाण्यासारखा असे. पण सुपेल्याच्या चौकापर्यंत एक फेरी मारून आणली की तिचं डोकं फिरायचं. उभ्या उभ्या रेस आपोआप वाढायची, मग एकदम पडायची, आणि साहेब भर चौकात बैलगाड्यांच्या मधोमध बंद गाडीत बसून राहायचे. ज्याच्या त्याच्या हाती गेली त्याने स्लोचा स्क्रू पिळला होता. मी सगळ्यांत आधी जाहीर केलं, या स्क्रूला जो हात लावेल त्याचं माझ्याशी भांडण आहे. माझा स्वभाव ठाऊक होता, कोणी लावला नाही.

मग एकेक करत गेलो. प्लग काढून घासले, पॉइंट पाहिले. टाकीत आमची लाल माती उतरली असेल म्हणून पेट्रोलची नळी धुतली, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ केले. काही फरक नाही. शेवटी फोरमनची थट्टाच डोक्यात घोळायला लागली. खरंच हवा लागली असेल तर? इंजिन भलतीकडून हवा ओढत असेल तर त्याला पेट्रोलचं माप कळेनासं होतं. रबराच्या नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं तापलेल्या इंजिनवर जिथे तिथे फिरवलं. मागचा कार्बोरेटर इंजिनला जोडलेला असतो तिथे बारीक सूं ऐकू आलं. त्या जोडाचा वरचा नट पान्याने तपासला, घट्ट. खालचा नट आत दडलेला, हात जेमतेम पोचायचा. त्यालाही पाना लावला. तोही घट्ट, इतका की पाना हलेना. नट घट्ट असेल तर हवा शिरणार कुठून? कानाचाच भास समजून मी ती जागा सोडली आणि दुसरीकडे शोधत बसलो. त्यात शुक्रवार उजाडला.

त्या सकाळी गावाकडून मावसभाऊ आला, गॅरेजच्या फाटकावर भेटला. मी सुपेल्याच्या बाजारातून बायकोसाठी काचेच्या चुड्या घेऊन त्याच्याच हाती पाठवल्या होत्या. तो दात काढत म्हणाला, "वयनीच्या हातात नाही गेल्या तुह्या चुड्या. बोटाच्या गाठीवरच अडकून राह्यल्या. ना खाली जाते, ना वर येते! साबन लावून काढा लागल्या. बायकोचा हात कवा पायला होता का नाही तू?"

मी त्याच्यावर उखडलो. बायकोच्या हाताचं माप मला माहीत नाही, ही गोष्ट मला फार लागली. चार दिवस एकत्र राहिलो असतो तर माहीत असतं ना!

तणतणत आत आलो, आणि गाडीपाशी येऊन थबकलो. आमच्या गॅरेजात नट-बोल्टच्या आट्यांनाही चुडीच म्हणत. गाठीवर अडकलेली चुडीही घट्टच असते की. हलत नाही म्हणजे मनगटावर बसली असं थोडंच आहे?

इंजिन तापवलं. ऑइल कॅनने त्या जोडावर तेलाचे थेंब सोडले. क्षणभर स्लो एकदम स्थिर झाला. मग इंजिनने तेल आत ओढून घेतलं आणि पुन्हा तोच धिंगाणा. इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि हात खाली घालून नटाखालचा वॉशर चाचपला. तो माझ्या नखाने फिरला. नट पान्याला हलत नव्हता आणि त्याच्याखालचा वॉशर गरगर फिरत होता!

नट काढला तर दोन-तीन आट्यांवरच जाम झालेला, आटे सोललेले. साहेबांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. मागे खड्ड्यांत गाडी आदळून तो नट पडला होता आणि कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या कोणी तरी खिशातला नट काढून बसवून दिला होता. त्याचं तरी काय चुकलं? आमच्या भिलाईत मशीन रशियन, पाने रशियन, स्टोअरमधला प्रत्येक नट मिलीमीटरचा. आणि ही गाडी इंचाची. दोन्ही मापं इतकी जवळची की नट चढतो, थोडा जातो आणि अडकून बसतो. घट्ट झाला असं हातालाच वाटतं. गाडी थंड असताना तेवढ्यावर जोड मिटून राहायचा, तापला की फाकायचा.

इंचाचा नट भिलाईत मिळणं कठीण. शिफ्ट सुटल्यावर सोललेला स्टड, म्हणजे नट चढतो तो आट्यांचा दांडा, काढून खिशात टाकला आणि सायकलने दुर्ग गाठलं. जुन्या बाजारात जुन्या बसगाड्या दुरुस्त करणारं एक दुकान होतं. मिस्त्रीने भंगाराचा डबा पुढे सरकवला. मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि डबा उपसला. नमुन्यावरून स्टड सापडला, पण नट एकही धड जाईना. मिस्त्री दुकान आवरायला लागला. मी म्हणालो, मी उठत नाही. शेवटी तळाशी एक तेलकट, काळा नट मिळाला. पाना न लावता, नुसत्या बोटाने तो पार शेवटपर्यंत गेला. त्या वेळी मला जो आनंद झाला तो क्वार्टरची चावी हाती आली तेव्हाही झाला नाही.

शनिवारी फोरमन माझ्या शेजारी बसून सुपेल्याला आले. भर चौकात गाडी उभी केली. ते बराच वेळ वाट पाहत राहिले, स्लो ढळला नाही. "चाल, मागं फिरव," एवढंच बोलले. नंदिनीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बायको यायची त्या दिवशी साहेबांनी आपण होऊन गाडी दिली. "तुम्हीच घेऊन या त्यांना," म्हणाले. दुर्ग स्टेशनाबाहेर इंजिन चालूच ठेवून मी तिची ट्रंक मागे बांधली. ती बिचकत आत बसली. मी स्टिअरिंगवर बसलो तशी ती हळूच म्हणाली, "बंद पडली का जी?"

मी तिचा हात धरून पुढच्या थरथरत्या पत्र्यावर ठेवला. तिने डोळे मोठे केले. "चालू हाये वं माय! आवाजच नाही येऊन राह्यला."

मी हात लगेच सोडला नाही. सुपेल्यात सगळ्यांत आधी चुड्यांच्या दुकानापुढे गाडी थांबवली आणि तिला म्हणालो, आता तूच घालून पाहा.