बाबांचे परत केलेले हेडफोन

अमेरिकेत, सांता क्लारातल्या आमच्या घराजवळ इलेक्ट्रॉनिक्सचं एक मोठं दुकान आहे. तिथे परत आलेला माल घेण्याच्या काउंटरवर जी मुलगी उभी असते, ती आता माझ्या वडिलांना ओळखते. लांबून दिसले तरी हात करते. बाबांना याचं कोण कौतुक. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाबा या उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. एकटेच आले. आईनं स्वतः न येण्यामागे सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं, पण मला फोनवर खरं काय ते सांगितलं. ह्यांना ऐकू येत नाही आणि हे ते मानत नाहीत. चहा ठेवू का, हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं. "ओरडून बोललं की भांडल्यासारखं वाटतं गं," ती म्हणाली. "मग मी बोलतच नाही. तिकडे आहेत तोवर त्यांच्या कानांचं काहीतरी कर." आणि लगेच तिनं मावशीच्या नव्या फ्लॅटचा विषय काढला.

मी बाबांचं विमान उतरायच्या आधीच कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. बाबांनी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कॅन्सल करायला लावली. कान ठणठणीत आहेत म्हणाले. बिघाड हेडफोनमध्ये आहे. हल्लीच्या हेडफोनना नुसता धबधब बेस असतो, वरचे बारीक आवाज, म्हणजे ट्रेबल, कंपन्यांनी काढूनच टाकलेत. अमेरिकेत आलोच आहोत तर एक चांगला हेडफोन घेऊ, की प्रश्न मिटला.

या माणसाशी या विषयावर वाद घालणं सोपं नाही. बँकेत नोकरी करून उरलेल्या वेळात त्यांनी उभं आयुष्य अँप्लिफायर जोडण्यात घालवलं. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांतून पिशवीभर सुटे भाग आणायचे, जेवणाच्या टेबलावर पसरायचे आणि आम्हाला ताटं मांडीवर घेऊन जेवायला लावायचं. रविवारी दुपारी त्या अँप्लिफायरवर एका परदेशी बँडचं एक गाणं लागायचंच. त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी, सगळा बाजा थांबल्यावर, कुणीतरी ट्रँगल, म्हणजे तो लोखंडी त्रिकोण, वाजवतो. एकदाच. टिंग. ती जागा आली की बाबा डोळे मिटून उजव्या हाताचं बोट वर करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून, मी अभ्यासाच्या टेबलावरून, दोघींनी ते टिंग ऐकलं पाहिजे असा नियम होता. न ऐकता बोलत राहिलं तर गाणं पुन्हा पहिल्यापासून.

तर ते टिंग ऐकू येईल असा हेडफोन आम्ही शोधत होतो. पहिला मी हौसेनं घेऊन दिला. बाबांनी दोन दिवस वापरला आणि यात दम नाही म्हणाले. मी सहज बोलून गेले की नको असेल तर परत करता येतो. बाबांचा विश्वास बसेना. ज्यांचा जन्म 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली गेला, त्यांना वापरलेला हेडफोन दुकानदार हसतमुखानं परत घेतो ही गोष्ट ताजमहालापेक्षा मोठी वाटली. तिथून जे सुरू झालं ते थांबेना.

दर आठवड्याला नवा हेडफोन. मोठे, कानावर बसणारे. छोटे, कानात जाणारे. गळ्यात अडकवायचे. बाबा सकाळभर त्यांचे रिव्ह्यू बघायचे आणि मी ऑफिसमधून आले की दारातच बूट घालून तयार. आणायचा, वापरायचा, नाकारायचा. मग डायनिंग टेबलावर शस्त्रक्रिया केल्यासारखा तो पुन्हा पॅक करायचा. प्लास्टिकची पातळ फिल्म ते काढतानाच जपून ठेवायचे आणि परत जशीच्या तशी चिकटवायचे. काउंटरवरच्या मुलीला यातलं काही नको असायचं. ती खोक्यात डोकावायचीसुद्धा नाही. पण तिनं रीतीप्रमाणे विचारलं, काही प्रॉब्लेम होता का, की बाबा तिला बँकेतल्या इंग्रजीत सविस्तर अहवाल द्यायचे. बेस चिखलासारखा आहे, मधले सूर बरे आहेत, ट्रेबल इज टोटली डेड. मागे रांग वाढायची. ती मुलगी मान डोलवत एखादा शब्द टाइप करायची, आणि मी बॅटऱ्यांच्या स्टँडकडे बघत उभी राहायचे.

माझं डोकं उठलं होतं. दिवसभर मी जे काम करते तेच मुळी दुसऱ्यांची अ‍ॅप्स कुठे बिघडतात ते शोधायचं. संध्याकाळी एल कमिनो रस्त्यावरच्या सिग्नलला उभं राहून पुन्हा बिघाडाचीच चर्चा. आणि सगळ्यात चीड याची, की बिघाड कुठे आहे ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि ज्या एका माणसाला तो माहीत असायला हवा तो डोळे चमकवून पुढच्या मॉडेलबद्दल बोलत होता. नवऱ्याकडे कुरकुर केली तर तो म्हणाला, यार, सुट्टीवर आलेत, एन्जॉय करू दे ना त्यांना. गाडी त्याला चालवावी लागत नव्हती. शिवाय त्याला माझ्या आईचा फोन आला नव्हता.

आईशी रोज बोलणं व्हायचं, म्हणजे माझं. बाबांना फोन दिला की ती तिकडून जेवलात का, गोळ्या घेतल्यात का एवढं ओरडून विचारायची. बाबा हो म्हणायचे आणि फोन मला परत. एकदा फोन ठेवल्यावर ते म्हणाले, तुझी आई हल्ली फार शांत झालीय, वयानं माणूस निवळतं. मी भांडी डिशवॉशरमध्ये जरा जास्तच आपटली. तेही त्यांना ऐकू आलं नसावं.

मग ते गाडीतलं गाणं झालं. आम्ही असाच एक हेडफोन परत करून येत होतो. गाण्यांच्या अ‍ॅपला आता आमच्या घराची आवड पाठ झालीय. त्यानं आपण होऊन बाबांचं तेच गाणं लावलं, पण मूळचं नव्हे, हल्लीच्या कुठल्याशा पोरांनी नव्यानं गायलेलं. चाल तीच, वाद्यंही बहुतेक तीच. दुसऱ्या कडव्याच्या आधी बाजा थांबला. आणि काही वाजलं नाही. पोरांनी ट्रँगल गाळला होता. नुसती शांतता, आणि मग कडवं.

बाबांचं बोट वर होतं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तोच रविवारचा आनंद. "बघ," ते म्हणाले, "नवीन पोरं आहेत, पण ट्रँगल ठेवलाय. मानलं पाहिजे. आणि तुझ्या गाडीचा ट्रेबल चांगला आहे हं."

मला खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी आमचं वळण चुकले आणि भलत्याच रस्त्यानं घरी आले. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं आठवणीतलं ऐकत होता. कदाचित आईचं बोलणंही असंच आठवणीतलं ऐकत असेल, म्हणून ती गप्प झाली तरी त्यांना फार फरक पडला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम एक इयरबड्सचा जोड आणला. त्यात ऐकण्याची चाचणी असते आणि जे कमी ऐकू येतं, अगदी समोरच्याचं बोलणंसुद्धा, ते वाढवून देण्याची सोयही असते. कानाच्या डॉक्टरकडे न जाणारे बाबा या चाचणीला एका पायावर तयार झाले, कारण ते फीचर होतं. सोफ्यावर ताठ बसले, फोन हातात धरला. बारीक आवाज येतील, आला की स्क्रीनवर बोट टेकवायचं. बाबांनी सुरुवातीला भराभर टेकवलं. मग बोट हवेतच राहिलं. बराच वेळ. शेवटी त्यांनी इयरबड्स काढले आणि माझ्याकडे दिले.

"हे हँग झालंय. आवाजच बंद झाला. नवा माल आणि ही तऱ्हा. सोमवारी परत."

मी ते कानात घातले आणि चाचणी पहिल्यापासून लावली. आवाज येत होते. जाड, मग बारीक, मग अगदी डासासारखे. मी प्रत्येकाला बोट टेकवत गेले आणि बाबा समोर बसून माझं बोट बघत राहिले. वर होतंय, टेकतंय, वर होतंय, टेकतंय. मी थांबायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. मी थांबले नाही.

"हँग नाही झालं, बाबा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण मोठ्यानंच म्हणावं लागतं. "गाडीतल्या त्या गाण्यात ट्रँगल नव्हताच. आणि आई शांत झालेली नाहीये. तिला ओरडून ओरडून कंटाळा आलाय. ओरडलं की भांडल्यासारखं वाटतं, म्हणून ती तुमच्याशी बोलायचीच थांबलीय."

बाबांनी इयरबड्स माझ्याकडून घेतले, डबीत ठेवले, झाकण लावलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तिला आता सांगण्यासारखं काही उरलं नाही."

रविवार तसाच गेला. घरात गाणं लागलं नाही. सोमवारी मी ऑफिसमधून आले तर बाबा बूट घालून दारात, हातात ते खोकं. मला वाटलं, संपलं. सगळं सांगून झालं, चाचणी झाली, आणि हा माणूस तरीही परत करायलाच निघालाय. रस्ताभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

काउंटरवरच्या मुलीनं हात केला आणि सवयीनं खोकं ओढून घ्यायला पुढे झाली. प्रॉब्लेम काय आहे, तिनं विचारलं. बाबांनी खोक्यावर हात ठेवला.

"नो प्रॉब्लेम," ते म्हणाले. "प्रॉडक्ट इज गुड." त्यांना एक चौकशी करायची होती. एकदा चार्ज केलं की बॅटरी किती वेळ चालते? ती म्हणाली, गाणी ऐकायला भरपूर चालते. बाबांनी मान हलवली. गाण्यांसाठी नाही, ते म्हणाले. "माय वाइफ. लॉट ऑफ टॉक इज पेंडिंग."

मुलीनं मान खाली घालून खोक्यामागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. एका वेळेला पाच-सहा तास, मग थोडा वेळ डबीत ठेवायचे, की पुन्हा चालू. बाबांना ते ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं.

"पाच-सहा तास," ते स्वतःशी म्हणाले. मग मला विचारलं, "पुरतील का गं?"