शेऱ्याचा रकाना

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे — स्वतःची लाज झाकून ठेवणं मला चांगलं जमतं म्हणून. पण गेल्या आठवड्यात नंदुरबारच्या वाचनालयात चार शहाणे जमले होते. सध्या सगळ्यांना मत देणाऱ्या नव्या मतदारयाद्या करणं चालू आहे ना, त्यावरून एक वकील म्हणाले, "सरकार कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्या डोंगरातल्यांना मत हवं कशाला?" आणि पुरावा म्हणून त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. मी मान खाली घातली. त्या पुस्तकातला पुरावा मी तयार केलेला आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली. लोकांना राज्यकारभाराचं किती ज्ञान आहे, हे मोजायला त्या पुस्तकाचे लेखक, पुण्याचे एक प्रोफेसर, निघाले होते. मोजायला! जोंधळे मोजावेत तसं. स्वतः मात्र नंदुरबार स्टेशनच्या पुढे सरकले नाहीत — ऊन सोसत नव्हतं म्हणे. डोंगर चढायला त्यांना मॅट्रिक झालेला कुणीतरी हवा होता. तो मी. तापीकाठच्या शेतकरी घरातला, शाळामास्तर, पायात नवे बूट. छापील कागद घेऊन अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यात गेलो. तिथली बोली मला येत नव्हती. शिकावी असं कधी वाटलंही नव्हतं. म्हणून बरोबर गफूरचाचा — डोंगरभर बांगड्या विकत फिरणारे, घरन् घर ओळखणारे. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. मला ते पक्कं ठाऊक होतं.

पहिला प्रश्न : सरकार कोण? बरोबर उत्तरं सोबत छापून आलेली — बादशहा, गव्हर्नर, कलेक्टर. समोर वेस्ता नावाचा माणूस बसला होता. त्याने प्रश्न ऐकला आणि बोलतच राहिला. चाचा माझ्याकडे वळले. "तो म्हनस, सरकार म्हनजे नाकेदार. कोंबडी लेस, आनि पेरनीना टाइमले वेठले धरी लई जास."

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. सरकारचं काम काय? फुकट ओझी वाहून घेणं. तक्रार कुठे करावी? या प्रश्नावर वेस्ता हसला. तक्रार याच कागदावर करायची — त्यासाठीच तर मास्तर एवढा चढून आला ना?

सांगा, याहून नेमकं उत्तर त्या प्रोफेसरांना तरी सुचलं असतं?

आणि मी काय लिहिलं? थांबा — येतो तिथवर. आम्ही उतरलो होतो नाकेदाराकडेच. दुपारी त्याच पाड्यातून ओढून आणलेली कोंबडी मी चवीने खाल्ली होती. संध्याकाळी तो कागद चाळणार, हेही दिसत होतं. यादीत न बसणाऱ्या उत्तरासाठी कागदाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना होता — चांगला चार बोटं रुंद. वेस्ताचं सगळं बोलणं त्यात मावलं असतं. मी उत्तरात लिहिलं, 'माहीत नाही'. आणि शेऱ्यात — 'बुद्धी मंद'.

वेस्ता माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. "समदं लिखं ना, मास्तर?" चाचांनी विचारलं. मी म्हटलं, "शब्द न् शब्द."

संध्याकाळी नाकेदाराने ते वाचलं आणि पोट धरून हसला. मीही हसलो.

भीतीने लिहिलं, असं म्हणू? भीती 'माहीत नाही'पुरती होती. 'बुद्धी मंद' मी मजेने लिहिलं.

पेरणीनंतर अक्कलकुव्याच्या बाजारात चाचा मला शोधत आले. मागे वेस्ता, उजवा हात फडक्यात बांधलेला. त्याने ओझं उचलायला नकार दिला होता — आता सगळं कागदावर आहे, असं नाकेदाराला तोंडावर सांगितलं होतं. कागदावर काय आहे, हे नाकेदाराला चांगलंच माहीत होतं. हात मोडेपर्यंत मारलं त्याला.

तो माझ्यावर चिडला नव्हता. चिडायला हवा होता ना? पण तो मजकुरात भर घालायला आला होता. "हाई बी लिखी ले म्हनस," चाचा म्हणाले. "पहिला कागद वर पोचना नही व्हई."

मी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी उकिडवा बसलो. वेस्ता सांगत होता, चाचा समजावत होते, आणि मी मान डोलवत लिहीत होतो — मुळाक्षरं. क, ख, ग, घ. शाळेत पहिलीला घालून देतो तशी, ओळीने.

शेवटी त्याने डाव्या हाताने कागद जवळ ओढला आणि विचारलं, यात माझं नाव कुठे आहे?

मी 'ढ'वर बोट ठेवलं.

त्याने ते अक्षर नीट पाहून घेतलं.