लिफ्टमधला नंबर

माझी मुलगी आत्ता कुठल्या तरी इमारतीत, लिफ्टच्या अंधाऱ्या भुयारात, डब्याच्या छतावर उभी असेल आणि तिच्या फोनवरून तिला कुणालाच फोन लावता येत नसेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. कूस बदलली तर तोही माझ्याबरोबर कूस बदलतो. शेवटी उठले आणि लिहायला बसले.

ती लिफ्ट दुरुस्त करते. नातेवाईक विचारतात, "इंजिनिअर का?" मी म्हणते, "नाही, मेकॅनिक." मग ते हवापाण्याचं बोलायला लागतात. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती या कामाला लागली तेव्हा तिचे बाबा बरेच दिवस तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचे. आता तिचे ग्रीसने माखलेले कपडे तेच वेगळ्या बादलीत भिजवतात. कामावर तिला सगळे खार म्हणतात. शिडीवरून सरसर वर जाते म्हणून.

लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. लोक त्यात काय काय टाकतात, हे तिनं एकदा जेवताना सांगितलं आणि मी ताट बाजूला सारलं. कुजकं पाणी, मेलेले उंदीर, लहान मुलांचे लंगोट, आणि थुंकी तर विचारूच नका. ती हातमोजे चढवते आणि खाली उतरते. तिला त्याचं काही वाटत नाही. मलाही आता त्या खड्ड्याची किळस येत नाही. माझी किळस मी तिच्या कंत्राटदारासाठी राखून ठेवली आहे.

ती कामाला लागली त्याच आठवड्यात त्यानं सगळ्या लिफ्टमध्ये चिकटपट्ट्या लावून घेतल्या: 'लिफ्ट अडकल्यास संपर्क करा.' खाली हिचा नंबर. हिचा स्वतःचा, कॉलेजपासूनचा.

"तात्पुरतं आहे गं खारे," तो म्हणाला. "ऑफिसचा फोन घेतला की बदलू."

चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या, ऑफिसचा फोन काही आला नाही. दिवा गेला, पाणी गेलं, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला, तरी लोक हिलाच फोन करतात. एक आजोबा तर रोज विचारतात, "काय गं, लिफ्ट चालू आहे ना?" आजोबा तळमजल्यावर राहतात.

आणि हिची एक खोड. अडकलेल्या माणसाचा फोन मधेच कट झाला की ही उलटा लावते आणि पोचेपर्यंत वाटेत त्याच्याशी बोलत राहते. लिफ्ट सुरू झाली की ज्यांनी ज्यांनी तक्रार केली त्या सगळ्यांना फोन करून कळवते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला मात्र तिनं बजावून ठेवलंय, "आई, तू या नंबरवर फोन करू नकोस. कुणीतरी अडकलेलं असतं. मीच करत जाईन." ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहते. तिच्या फोनची वाट बघणं हे माझं काम.

मध्यंतरी तिचा प्लॅन महागला. त्यात सिनेमे, गाणी, रोजचं राशिभविष्य असं सगळं होतं, फक्त तिला परवडेल असं काही नव्हतं. फोनचा खर्च कंत्राटदार देत नाही. "तो तुझा खासगी फोन," म्हणतो. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी स्वस्त प्लॅन शोधायला निघालो.

पहिल्या दुकानात कुणी वर बघितलं नाही. दुसऱ्यात ओल आली होती आणि तिच्या वासावर गुलाबाचा फवारा मारलेला. काउंटरच्या काचेवर बोटांचे चिकट ठसे.

"ताई, स्वस्त कशाला घेता, चांगला घ्या," दुकानदार म्हणाला. "यात किती चॅनेल आहेत बघा."

"मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असते. चॅनेल कुणाला दाखवू, उंदरांना?"

"नुसतं बोलण्यासाठी काही नाही का?" मी विचारलं.

"आहे ना काकू. पण तो यादीत नसतो. नाव घेऊन मागावा लागतो."

"काय नाव?"

"ते आम्ही सांगायचं नसतं."

मुलीनं काउंटरवर कोपर टेकलं. "मग मी नावं घेते, तुम्ही मान हलवा. साधा? सोपा? बचत?"

'बचत'वर त्यानं मान हलवली! हसू आलं, आणि त्याच वेळी शिसारीही. स्वस्त वस्तू विकताना माणसाला चोरासारखं वागायला लावणारी ही कसली दुकानदारी? पण कागदावर 'अमर्याद बोला' असं ठळक छापलं होतं. आम्ही खूश होऊन घरी आलो.

थोड्याच दिवसांत तिचे बाहेर जाणारे फोन बंद झाले. येणारे येत होते. तिनं कुणाच्या तरी फोनवरून कंपनीला विचारलं. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, बोलणं अमर्याद आहे, माणसं मर्यादित आहेत."

"म्हणजे?"

"आठवड्यात ठरावीक नंबरांनाच फोन करता येतो. तुम्ही फार वेगवेगळ्या नंबरांना करता. काहीतरी विकणाऱ्या लोकांचं तसं असतं."

"अहो, मी लोकांना बाहेर काढते."

"हो मॅडम. पण वेगवेगळ्या लोकांना."

आठवडा संपला की आपोआप सुरू होईल म्हणे. मला तिनं यातलं काही सांगितलं नाही. परवा कपडे धुवायला घरी आली तेव्हा हसत हसत सांगत होती.

सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका ऑफिसच्या इमारतीत ती लिफ्टच्या डब्यावर चढली होती. दोन मजल्यांच्या मधे असताना वीज गेली. दार उघडायची किल्ली हातातून सटकून खड्ड्यात पडली. कंत्राटदाराला फोन लावला, लागेना. वॉचमनला लावला, लागेना. नेट तिथं पोचत नव्हतं.

"अग्निशमन दलाला तरी करायचास, तो नंबर कधी बंद नसतो," तिचे बाबा म्हणाले.

"आणि काय सांगू? लिफ्टवालीच अडकली? मला परत कुणी कामाला उभं केलं असतं का?"

कुणाचा तरी फोन येईल म्हणून ती अंधारात तारेला धरून बसून राहिली. शेवटी आला तो तळमजल्यावरच्या आजोबांचा. "काय गं, लिफ्ट चालू आहे ना?"

"तुमची चालू आहे आजोबा. माझी बंद पडलीय."

तिनं सांगितलेला नंबर आजोबांनी लिहून घेतला आणि कंत्राटदाराला फोनवर फोन करून हैराण केलं, तेव्हा कुठं तो आला. तिला बाहेर काढल्यावर काय म्हणाला? "जरा बरा प्लॅन घ्यायला काय होतं तुला?"

हे ऐकून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"अगं, पण मी घरातच होते," मी म्हटलं. "फोन मांडीवर घेऊन बसले होते."

"मला कुठं लावता येत होता? तू केला असतास तर..." ती म्हणाली आणि बादलीतले कपडे पिळायला लागली. मला कुणी बजावलं होतं ते तिला आठवलं असावं.

जाताना म्हणाली, "तू मधे पडू नकोस हं आई. माझं मी बघीन." काय बघणार? आठवडा संपेल, फोन सुरू होतील, ही पुन्हा सगळ्यांना कळवत बसेल आणि ते पुन्हा बंद होतील. आणि ही एकटी त्या डब्यावर. याच्यावरचा इलाज कुठल्याही दुकानात मिळणार नाही. कंत्राटदारानं तिला कामाचा फोन द्यावा आणि त्या पिवळ्या चिकटपट्ट्यांवर स्वतःचा नंबर टाकावा, एवढाच तो इलाज आहे. ती मागणार नाही. तिला काम जायची भीती आहे. मला तिच्या जिवाची भीती आहे.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. 'कधी काही झालं तर' म्हणून तिनंच दिला होता. आता तो गाढ झोपला असेल. झोपू दे. या वेळेला माझ्या मुलीचा फोन वाजतो, मग त्याचाही वाजायला काय हरकत आहे? मुलगी चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तेही चालेल.

चष्मा आणि फोन जवळ ओढला तशी यांना जाग आली.

"एवढ्या रात्री कुणाला फोन करतेस?"

"लिफ्ट अडकलीय."

"आपल्याकडे लिफ्ट कुठाय?" असं पुटपुटत ते उठून बसले. मग त्यांना समजलं. म्हणाले, "स्पीकरवर ठेव."