पडदेवाल्या वहिनी आणि अडून बसलेला एक्सल

पडदेवाल्या वहिनींच्या गाडीला सगळी बिल्डिंग ‘म्हातारी’ म्हणते, पण वहिनी कानाच्या टप्प्यात नसताना. तोंडावर म्हणायची छाती एकट्या तळमजल्यावरच्या पेन्शनरकाकांनी केली, तीही एकदाच. त्यानंतर त्यांच्या बाहेरच्या खोलीचा पडदा एका कडेने चार बोटं आखूड शिवून आला. “कापड आटलं असेल,” वहिनी म्हणाल्या. काका अजून त्या तिरक्या पडद्याखाली बसून पेपर वाचतात आणि गाडीला ‘गाडी’ म्हणतात.

वहिनी पडदे शिवतात, स्वतः पोचवतात, भिंतीला भोकं पाडून दांड्याही स्वतःच ठोकतात. पुढची सीट मागे पाडली की लांबातली लांब दांडी पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत मावते. या एका गुणापायी त्यांनी म्हातारीची बाकीची सगळी थेरं पोटात घातली होती. मागचं दार आतून उघडत नाही, आणि हॉर्न मनाला येईल तेव्हाच वाजतो. बरेचदा कोणा दिवंगताच्या घरासमोर.

गाडी यायच्या आधी दांड्या धाकट्या दिराच्या टेम्पोतून जायच्या. दिराचं बाजारात पडद्यांचं दुकान. टेम्पो त्याचा, म्हणून वेळही त्याची. आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरल्याबरोबर “या आमच्या वहिनी, आमच्याकडेच शिवायला असतात” हे वाक्यही त्याचंच. वहिनींनी ते वाक्य काही वर्षं आवंढ्यासारखं गिळलं आणि मग एक दिवस जुनी गाडी घेऊन फाटकातून आत आल्या.

आता ती गाडी वळताना उजव्या पुढच्या चाकातून कटकट आवाज करू लागली. आधी लहान, मग सासूबाईंसारखा न थांबणारा. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “बाई, एक्सल गेला. इंजिनची ताकद चाकाला पोचवणारा दांडा असतो ना, तो. असंच चालवलंत तर भर चौकात चाक हात टेकेल.”

“मग बदला.”

“नवा मिळेल हो. जुना निघायला पाहिजे ना! मी हलवून पाहिला. चाकाकडे गंजलाय आणि आत गिअरबॉक्समध्ये ठाण मांडून बसलाय. ओढताना गिअरबॉक्स तडकला तर माझ्या गळ्यात. त्यापेक्षा भंगारात घाला.”

बातमीला पाय असतात, या बातमीला तर चाकं होती. संध्याकाळी दिराचा फोन. आवाजात मध ओतलेला. “वहिनी, किती झुंजणार त्या डब्याशी? रविवारी संध्याकाळी टेम्पो आणतो. तुमचं शिवणाचं मशीनच दुकानात लावू. पंखा आहे, खुर्ची आहे, तुम्हाला कशाची ददात नाही.”

“भावजी, रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालली नाही, तर खुशाल मशीन उचलून न्या,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावून बसलो. पण तोंडातून सुटलेला शब्द त्यांनी कधी मागे घेतलेला नाही. सासरी त्यांच्याबद्दल जी तक्रार होती ती हीच.

त्यांचे यजमान जवळच बसले होते. बिल्डिंगमध्ये त्यांना ‘होका’ म्हणतात. त्यांना काहीही सांगा, ते आधी “हो का?” म्हणतात आणि मग विचार करतात. लग्नातसुद्धा हार घाला म्हटल्यावर तेच म्हणाले होते, असं वहिनींचं म्हणणं.

“मी एक्सल स्वतः काढणार आहे,” वहिनी म्हणाल्या.

“हो का?”

“आणि तुम्ही मदत करणार आहात.”

होका उठून जुनी पँट शोधायला गेले.

रविवारी सकाळी वहिनी यजमानांची जुनी पँट चढवून, गॅरेजवाल्याकडून आणलेला नवा एक्सल आणि हत्यारं घेऊन खाली उतरल्या आणि प्रत्येक गॅलरीत एकेक डोकं उगवलं. गाडी जमिनीवर असतानाच चाकाच्या मधला मोठा नट सैल करायचा होता. होकांना आत बसवून ब्रेक दाबायला लावला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि वहिनी त्या नळीवर उभ्या राहिल्या. नट ढिम्म. त्यांनी बारीकशी उडी मारली. काडकन आवाज झाला.

“मोडलं!” वरून कुणीतरी आनंदाने ओरडलं.

“सुटलं,” वहिनी खालून म्हणाल्या.

मग जॅक, जॅकवर भरवसा नको म्हणून स्टँड, मग चाक काढलं. गिअरबॉक्सचं ऑइल घमेल्यात उतरवलं. चाकाचा आधार खालून सोडवला. गंजलेल्या टोकावर स्प्रे मारून त्यांनी नट परत चार आटे चढवला, म्हणजे हातोड्याने आटे चेपायला नकोत, आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोकायला सुरुवात केली. ठोकता ठोकता त्यांचे ओठ हलत होते. कोणाचं नाव घेत होत्या ते कळलं नाही. पण प्रत्येक घाव चांगला जोरात बसत होता. शेवटी ते टोक, चाक ज्यावर बसतं त्या हबमधून सरकलं. गॅरेजवाला म्हणाला होता त्यातलं निम्मं खोटं ठरलं.

उरलेलं निम्मं गिअरबॉक्समध्ये होतं.

आता पेन्शनरकाका घरात बसणं शक्यच नव्हतं. “दोर बांधा,” ते म्हणाले. “आम्ही ट्रक दोराने ओढलाय.” कधी, कुठे आणि कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही. वहिनी दमल्या होत्या. दमलेलं माणूस सल्ला ऐकतं, तिथेच फसतं. दांड्याला दोर बांधला. पुढे वहिनी, मागे होका, त्यामागे काका, एका हाताने पोटावर पट्टा सावरत.

“ओढा!”

भसकन काहीतरी सुटलं. तिघंही एकमेकांच्या मांडीवर. वर टाळ्या पडल्या. काका उठायच्या आधीच म्हणाले, “अनुभव हवा!”

वहिनींनी हातातला दांडा पाहिला. त्याच्या टोकाला फाटलेलं रबर लोंबत होतं आणि ग्रीस टपकत होतं. त्या गाडीखाली सरकल्या. दांडा सांध्यातून उपसून बाहेर आला होता. पण सांध्याची लोखंडी वाटी, जी खरी निघायला हवी होती, ती गिअरबॉक्सला चिकटून जशीच्या तशी बसली होती. अडकित्त्याची मूठ मोडून हातात यावी आणि सुपारी पात्यातच राहावी, तसं. आता तर ओढायला हातात धरण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या. दोन-तीन खिडक्या हळूच बंद झाल्या. फजिती बघायला लोक थांबतात, पण फजितीनंतर मदत मागितली जाते हेही त्यांना माहीत असतं.

“अगं, राहू दे,” होका बाजूला बसत म्हणाले. “दुकान काही वाईट नाही. पंखा आहे.”

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीबद्दल बोललेच नाहीत.

“चूक माझी आहे,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “उसवताना मी कधी धागा ओढते का? टाका उचलते. इथे ओढत काय बसले होते?”

आत एक तारेची बारीक रिंग असते. एक्सल बसला की ती खाचेत फाकते आणि त्याला धरून ठेवते. तिला नुसतं ओढून भागत नाही, झटका लागतो. वहिनींनी दांड्या बसवायची लोखंडी पहार वाटी आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत घातली आणि दाबली. वाटी केसभर हलली, तिरकी झाली, परत बसली. पुन्हा तेच. एका कडेने ओढलेला ड्रॉवर जसा तिरका अडकतो, तसं.

“दोन्ही बाजूंनी पाहिजे. एकाच वेळी,” त्या म्हणाल्या. “अहो, टायर काढायची ती पट्टी घ्या. त्या बाजूने घाला. मी तीन म्हटलं की झटका.”

“एक, दोन, तीन!” वहिनींचा झटका बसला. होकांचा त्यानंतर. वाटी आधी इकडे झुकली, मग तिकडे.

“उशीर झाला तुम्हाला.”

“हो का?”

परत मोजलं. परत तेच. पेन्शनरकाकांनी बाजूला उभं राहून मोजून पाहिलं, तर दोघंही चुकले आणि काकांचं तीन चार झालं. ऊन फाटकापलीकडे सरकू लागलं. टेम्पो कधीही येईल.

वहिनी गाडीखाली पडून यजमानांच्या कोपराकडे बघत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस आळशी नाही की दुबळाही नाही. इतकी वर्षं आपण सांगायचं आणि यांनी ऐकून मग करायचं. ऐकायला जो वेळ लागतो, तेवढाच उशीर होतो.

“अहो, तुम्ही मोजा.”

“मी?”

“तुम्ही म्हणा, तुम्ही करा. मी तुमच्या आवाजावर करते. ऐकायची पाळी माझी.”

पट्टीपलीकडे होकांनी तळवे शर्टाला पुसले आणि पट्टी पुन्हा घट्ट धरली. 

“आता!” होका ओरडले. एक नाही, दोन नाही, एकदम. असा आवाज त्यांच्या गळ्यात होता हे बिल्डिंगला ठाऊक नव्हतं. वहिनींचा हात विचार न करता खाली गेला.

ठप्प.

वाटी बाहेर उडाली, मागोमाग उरलंसुरलं काळं ऑइल होकांच्या छातीवर. ते तसेच पडून राहिले आणि हसायला लागले. वहिनींनीही हसून घेतलं, पण हात थांबवले नाहीत. नवा एक्सल पुसून आत सरकवला, जोरकस झटका दिला, आत टिक्क करून रिंग बसली. ओढून पाहिला, हलला नाही. नवं ऑइल, चाक, नट. यावेळी काकांना ब्रेकवर बसवलं, म्हणजे सल्ल्यांना दार लावता आलं.

टेम्पो फाटकात वळला, तेव्हा समोरून म्हातारी बाहेर येत होती. वहिनींनी दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली. कटकट नाही. त्यांनी गाडी टेम्पोच्या नाकाला नाक लावून उभी केली आणि काच खाली केली.

दीर उतरला. आधी चाकाकडे, मग भावाच्या काळ्या शर्टाकडे बघितलं. “दादा, हे काय?”

“आम्ही काढला,” होका म्हणाले. ‘आम्ही’ जरा जास्तच लांबवून.

“वहिनी, मी दोरखंड आणला होता मशीन बांधायला,” दीर म्हणाला. “मग आता?” त्याचा आवाज मधाचा नव्हता, खरंच काळजीचा होता. “खरं सांगू? माझा कारागीर महिनाभरापूर्वीच सोडून गेला. लॉजच्या पंचवीस खिडक्या अंगावर आहेत. मला वाटलं, तुम्ही दुकानात आलात तर...”

“मग आधी तसं बोलायचं होतं. पंखा कशाला मध्ये आणलात?” वहिनी म्हणाल्या. “खिडक्या मी शिवते. इथेच शिवते. माझ्या गाडीने नेते, आणि लॉजच्या दारात कोण कोणाकडे शिवतं ते मी सांगते. कबूल?”

दिराने भावाकडे पाहिलं. भाऊ शर्ट पिळत होता.

“कबूल,” तो म्हणाला. “कापड मागेच आहे, टेम्पोत.”

“उतरवा मग. आणि पहिल्या मजल्यावर आमच्या घरापर्यंत तुम्हीच न्या,” वहिनी हात वर धरून म्हणाल्या, “माझ्या बोटांना अजून साबण लागायचाय.”