धुऱ्यावरून काढलेली भातकुली

"धुऱ्यावरूनच फोटो काढला ना? वावरात काहून नाही उतरला?" ऋतुजानं हे विचारलं आणि त्या क्षणी माझं सगळं पालटलं. अकोल्यात, माती तपासायच्या प्रयोगशाळेत. कृषीचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षी भांडून सोडलं. ती शिकून तिथल्याच या प्रयोगशाळेत राहिली, माझा जीवही. देशाला धान्य पुरावं म्हणून सुधारलेल्या जमिनींचा नकाशा बनून राहिला आहे. जागेवर जाऊन नोंद करणारा मी, तपासणारी ती. म्हणजे देशाचं पोट माझ्या हातात. देव भलं करो.

भातकुलीजवळचं शारदाकाकूंचं वावर मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहून 'खारं, सुधारलेलं नाही' असं नोंदवलं होतं. काकूंनी वावरातून पाठवलेला मातीचा नमुना मात्र झकास निघाला.

"नमुना चुकला असन," मी तडकलो.

"मंग जाऊन पाह्य. तोवर माह्याशी बोलू नको."

रागातच निघालो. अकोल्याहून अमरावतीला रेल्वेनं जा, दोनेक तास धरा. उतरल्यावर गिला वडा खा. प्रेमात तोंड आपटलेल्यांना तर्री जास्त मागून घ्यावी. पुढं भातकुलीला ऑटो. मागच्या सीटवर बसू नका, कंबर रस्त्यातच राहते.

काकू हरभरा निंदत होत्या. मी धुऱ्यावरचा पांढरा थर दाखवला. "हे मीठच ना?"

"मीठच हाय बाबू. शेततळं खोदलं तं खालची खारी माती धुऱ्यावर टाकली. वावरात टाकू का तुह्या डोक्यावर?"

इथं विहिरींना खारं पाणी. काकूंनी पावसाचं पाणी तळ्यात धरून हरभरा उभा केला होता, गुडघ्याला घासणारा.

"नकाशात आमी खारेच राह्यलो, तं शेजारच्यांले तळं कोण देईन? सरकारी लोक म्हणतीन, इथं काही सुधरतच नाही."

पहिला फोटो काढला त्या दिवशी वावरात पाणी सोडलेलं होतं आणि माझ्या पायात ऋतुजासाठी घेतलेले नवे बूट. म्हणून उतरलो नव्हतो. आता अनवाणी उतरलो. फोटो काढले. भाकर, ठेचा, वर ओला हरभरा. शहरात असं जेवण मिळालं तर मला कळवा.

अमरावतीला घरी पोचलो, नकाशाच्या कामावरच्या साहेबांना फोन केला, नोंद बदलायची म्हणालो.

"एका वावरानं देश उपाशी मरते का? नोंद बदलली तं तुह्या साऱ्याच नोंदी उघडा लागतीन. मंग काम गेलं समज."

साऱ्याच. ती सगळी वावरं डोळ्यांसमोरून गेली. एकातही मी पाय ठेवला नव्हता.

प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर नखांतली काळी माती आणि ही लाज. ऋतुजाला लिहून पाठवलं: सगळेच फोटो धुऱ्यावरून काढले, सगळ्या नोंदी थांबव. उत्तराची वाट पाहिली नाही.

"आता कुठं चालला?" आईनं विचारलं.

"वावरात."

"कोनाच्या?"

"साऱ्यायच्या," म्हटलं, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.