एकदाच आलेला फोन

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी मेहुण्याच्या प्लंबिंगच्या दुकानात फोन सांभाळायला बसलो. दुकान गंगापूर रोडला. मेहुणा आणि त्याची दोन माणसं दिवसभर कामावर, दुकानात मी एकटा. एक कॉल चालू असताना दुसरे तीन-चार सुटायचे. त्यांतल्या कोणाला आधी उलट फोन करायचा, याचा नियम मी घातला होता. ज्याने दोन-तीनदा लावला, तो तातडीचा. एकदाच लावणारा जेवणानंतर. खरी अडचण असलेला माणूस पुन्हा लावतोच, अशी माझी बातमीच्या टेबलावरची समजूत. मेहुण्याला ती पटली.

एका सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नाशिक रोडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा कॉल सुटला. बाई निवृत्त शिक्षिका. नवरा अर्धांगवायूने अंथरुणावर, घरात दोघंच. कॉल एकच होता. मी पाऊण वाजता, डबा खाऊन, तो नंबर लावला. पुरुषाने उचलला. जीभ जड होती.

"पडली."

"कोण पडलं, काका?"

"पडली. पाणी."

मागे पाणी जोरात वाहत होतं.

मेहुणा सकाळपासून नाशिक रोडलाच होता. दहा मिनिटांत पोचला. दार आतून बंद, शेजारचं घर रिकामं. त्याने कडी तोडली. गिझरचा पाइप निसटला होता. बाईंनी थोडा वेळ आमची वाट पाहिली, मग वरचा व्हॉल्व्ह बंद करायला स्वतः स्टुलावर चढल्या. खुब्याचं हाड मोडून त्या बाथरूममध्ये पाण्यात पडल्या होत्या. शुद्ध होती.

"मॅडम, परत एकदा लावायचा ना फोन," मेहुणा म्हणाला.

"तुम्हाला दिसला असेल ना पहिला?" त्या म्हणाल्या. "मग सारखं सारखं काय टोचायचं माणसाला."

फोन नवऱ्याच्या उशाशी होता. त्यांना नंबर लावता येत नव्हता. आलेला फोन उचलणं तेवढं बाईंनी शिकवलं होतं. आतून बाई हाका मारत होत्या आणि ते ऐकत होते. त्या वेळात त्या घरी कोणाचाच फोन आला नाही. पहिला आला तो माझाच.

संध्याकाळी मेहुणा दुकानात आला, हात न धुता बसला.

"दाजी, दहा वाजता मी दोन गल्ल्या सोडून टाकीचा कॉक बदलत होतो. साधा ठिबकणारा कॉक. का, तर त्या माणसाने पाचदा फोन केला."

"नियम माझा होता."

"आणि मी काय, लहान होतो?"

बाई बाराव्या दिवशी दवाखान्यातच वारल्या. नवऱ्याला भाच्याने आपल्याकडे नेलं. नेण्याआधी तो दुकानात आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मामीने किती वाजता फोन केला होता?"

"दहा वाजून पाच."

"आणि तुम्ही?"

"पाऊण वाजता."

त्याने मनाशी हिशेब केला. "मामा रोज विचारतात, किती वेळ," तो म्हणाला. "त्यांना घड्याळ दिसत नव्हतं."